नवाकोरा जुना पाना : एका प्रतिकृतीचा प्रकरण अभ्यास

यंत्रांच्या देखभालीचे काम पाहणाऱ्या एका अभियंता बाईंनी स्वतःच्या पैशांनी एक स्क्रू पाना, म्हणजे स्क्रू फिरवून जबडा हव्या त्या मापाला सरकवायचा पाना, विकत घेतला. डबल पाने, रिंग पाने, सॉकेटचा पूर्ण संच, टॉर्क रेंच हे सगळे त्यांच्या हाताशी आधीच होते. शिवाय कामाच्या जागी अ‍ॅडजस्टेबल पाना उचलणाऱ्या शिकाऊ मुलांना त्या स्वतःच हटकत. तरीही त्यांनी पाना घेतला, आणि तोही आजच्या घडणीचा नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी पान्याची ती प्रतिकृती होती. सरळ दांडा, दांड्याशी काटकोनात उभे दोन जबडे, दांड्याच्या कडेने उघडा स्क्रू, खाली धातूचे कडे आणि लाकडी मूठ. बनवणारा एकटा कारागीर, त्याची छोटी यंत्रशाळा, थोडेच नग.

पाना विभागात आला तेव्हा तिथल्या ज्येष्ठ फिटरनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने स्क्रू पुढेमागे फिरवला आणि विचारले, “मॅडम, हा नटाला लावायचा, का कपाटात ठेवायचा?”

“काका, अजून ठरवलं नाही.”

“मग मी सांगतो. नटाला लावू नका.”

इथवरची गोष्ट हौसेची आहे, आणि हौसेचे प्रकरण कोणी लिहून काढत नाही. मला ते लिहावेसे वाटले ते पुढच्या तपशिलामुळे. बाईंच्या ओळखीच्या एका संग्राहकांनी त्यांना याच घाटाचा अस्सल जुना पाना देऊ केला होता. चालू स्थितीतला, मोडतोड नसलेला. बाईंनी तो पाहिला, हाताळला आणि नको म्हणून सांगितले. अस्सल समोर असताना त्यांनी नक्कल निवडली. जुन्या काळाची ओढ हे उत्तर इथे लागू पडत नाही, कारण तशी ओढ असलेला माणूस अस्सल सोडणार नाही. दिखाऊपणा म्हणावे, तर पाना त्या कोणाला दाखवतही नव्हत्या. मग त्या वस्तूत होते तरी काय?

मला दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवून हाताळायला मिळाले आणि कारागिराशीही सविस्तर बोलता आले. त्यावरून जे समजले ते पुढे मांडतो.

आधी या घाटाची कुळकथा

१८४१ या साली दोन गोष्टी घडल्या. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूचे आटे सगळीकडे एकसारखे असावेत म्हणून प्रमाण मांडले. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक व्यासाला इंचामागे ठरावीक आटे. त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या लॉरिंग कोज यांनी स्क्रू पान्याचे पेटंट घेतले. एकाला जगातले नट-बोल्ट एका मापात आणायचे होते, दुसऱ्याने ते कधीच एका मापात येणार नाहीत असे धरून हत्यार बनवले. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांच्या आट्याचे वेगळेच प्रमाण मांडले, म्हणजे कोज यांचा अंदाज निदान काही काळ तरी खरा ठरत राहिला. तो आजही पूर्ण खोटा ठरलेला नाही. दहा मिलिमीटरच्या बोल्टचे डोके जुन्या जर्मन प्रमाणाने १७ चे, तर आंतरराष्ट्रीय प्रमाणाने १६ चे. हाताशी १७ चा पाना आहे आणि बोल्ट १६ चा निघाला, हा अनुभव देखभालीतल्या प्रत्येकाला असतो.

कोज यांची खुबी जबडा सरकण्यात नव्हती. सरकणारे जबडे आधीपासून होते, पाचर ठोकून अडवायचे, किंवा मूठच गोल फिरवून पुढेमागे करायचे. त्यात एक हात दांडा धरण्यात आणि दुसरा माप जुळवण्यात जायचा. कोज यांनी स्क्रू दांड्याच्या बाजूला, समांतर आणला आणि त्याची फिरकी मुठीच्या अगदी वर ठेवली. ज्या हाताने पाना धरला त्याच हाताच्या अंगठ्याने जबडा जुळवता येऊ लागला. दुसरा हात बोल्ट धरायला, शिडी धरायला किंवा दिवा धरायला मोकळा. या एका गोष्टीसाठी मी त्या पेटंटला मोठे मानतो.

इंग्लंडमध्ये पुढच्याच काळात रिचर्ड क्लायबर्न यांच्या नावाचा पाना चालू झाला. गवत कापायच्या यंत्राचे १८३० सालचे जनक एडविन बडिंग यांच्याकडेही स्क्रूच्या पान्याचे श्रेय जाते. आज आपण ज्याला सर्रास अ‍ॅडजस्टेबल पाना म्हणतो तो मात्र स्वीडनच्या एनशॉपिंग गावातल्या योहान पेटर योहान्सन यांच्या १८९२ च्या पेटंटवरून आला. पुढे तो ‘बाको’ या नावाने जगभर गेला. त्यांनी जबडा दांड्याच्या टोकाशी आणून तिरका केला आणि फिरकी डोक्याच्या आत बसवली. अमेरिकेत जेम्सटाउन इथे १९०७ मध्ये सुरू झालेल्या क्रेसेंट कंपनीने असाच घाट घराघरांत पोचवला.

तिरकेपणाचे गणित सांगायला हवे, कारण फिटरकाकांचा आक्षेप त्यावरच उभा आहे. षटकोनी नट ६० अंश फिरला की पुन्हा पहिल्यासारखा दिसतो. जबडा दांड्याशी सरळ किंवा काटकोनात असेल, तर पान्याला दर खेपेस ६० अंश झोका घ्यायला जागा लागते. पाना पालथा करून काही मिळत नाही. पण जबडा १५ अंशांनी तिरका असला, तर एकदा सुलटा, एकदा पालथा असे करत ३० अंशांच्या झोक्यात नट फिरत राहतो. बाकोचा कोन १५ अंश आहे. अमेरिकी पान्यांवर बहुधा साडेबावीस अंश दिसतो. तो चौकोनी नटाला नेमका जुळतो, कारण चौकोनी नटाचे ९० अंश त्याने निम्म्यावर, म्हणजे ४५ वर येतात. कोज यांच्या घाटात यातले काहीच नाही. त्या पान्याला मोकळी जागा लागते. आणि यंत्राच्या पोटात नेमकी तीच नसते.

म्हणजे ज्या घाटाची प्रतिकृती बाईंनी घेतली, त्याला कामात मागे पडून शंभर वर्षे उलटली आहेत. हे त्यांना माहीत होते. काकांना तर होतेच.

नटाला लावून पाहिले तेव्हा

काकांनी नको म्हटले, म्हणून अर्थातच पाना नटाला लावला गेला. पहिला प्रयोग मोटरच्या पायाच्या बोल्टवर झाला आणि तो काका म्हणाले तसाच गेला. एका बाजूला चौकट, दुसऱ्या बाजूला पाइप, झोक्याला जागा नाही. पाना नटावर चढवून जरासे हलवले की काढायचा, पुन्हा चढवायचा. रिंग पान्याने जे काम बोलता बोलता झाले असते तिथे सगळे ताटकळले. वर आणखी एक गोष्ट सरकणाऱ्या जबड्याच्या सगळ्याच पान्यांना लागू आहे. ओढ अशा बाजूने द्यावी लागते की मुख्य भार स्थिर जबड्यावर यावा. उलट ओढले की सरकता जबडा उघडायला बघतो, तेवढ्या फटीत नटाचा कोपरा शिरतो आणि कोपरे गोल होतात. शिकाऊ मुलांना हटकण्याचे कारण हेच.

दुसरा प्रयोग व्हॉल्व्हच्या ग्लँडवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची गळती रोखणाऱ्या भागावर झाला, आणि तिथे चित्र बदलले. ग्लँड नट मोठा असतो, त्याची मापे कंपनीगणिक वेगळी असतात, जोर फार द्यायचा नसतो. गळती थांबेपर्यंत हलकेच चिमटीभर आवळायचे. व्हॉल्व्ह बहुधा उघड्यावर असतो, म्हणून झोक्याला जागा असते. पितळी नटावर दातेरी पाइप पाना लावला की ओरखडे पडतात. या पान्याचे जबडे सपाट, घासलेले आणि एकमेकांना समांतर. एका हाताने धरायचा, अंगठ्याने जुळवायचा, हलकेच ओढायचे. काकांनी दोन-तीन ग्लँड स्वतःच्या हाताने आवळले. बोलले काहीच नाहीत, पण पाना बाईंना लगेच परतही दिला नाही.

यावरून पाना उपयोगी ठरला असे मी म्हणणार नाही. चांगला आधुनिक अ‍ॅडजस्टेबल पाना ग्लँडवरही हेच करतो आणि वजनाला हलका पडतो. मुद्दा एवढाच की वस्तू शोभेची नव्हती. ज्या कामासाठी तो घाट जन्मला होता, ते काम तिला खरोखर जमत होते. शोभेच्या वस्तूला ते जमत नाही आणि हात लावल्याबरोबर ते कळते.

दोन पाने शेजारी

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

संग्राहकांचा अस्सल पाना सुंदर होता, हे आधी सांगून टाकतो. दांड्यावर तपकिरी-काळसर छटा, मूठ हातांनी गुळगुळीत झालेली, एका बाजूला कोणीतरी पोगराने खुणेची दोन अक्षरे कोरलेली. त्याच्या मागचे आयुष्य दिसत होते. पण अंगठा फिरकीवर ठेवला की स्क्रू आधी थोडा रिकामाच फिरायचा, मग जबड्याला जाग यायची. जबडा सरकताना डावी-उजवीकडे डुलायचा. दोन जबडे मिटवून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी घातली, तर टोकाशी सहज शिरणारी पट्टी मुळाशी अडत होती. मुठीचे लाकूड सुकून आकसले होते, त्यामुळे स्क्रूचे खालचे टोक ज्या कड्यात टेकते ते कडेच ढिले होते, आणि स्क्रूतला निम्मा खेळ, म्हणजे ढिलेपणा, तिथून येत होता. यात त्या पान्याचा दोष नाही. त्याने काम केले, म्हणून तो झिजला.

पण याचा अर्थ असा की कोज यांच्या घाटाची जी मूळ खुबी, अंगठ्याने अचूक जुळवणे, ती अस्सल पान्यात आता उरलेली नव्हती. इतिहास होता, यंत्र नव्हते.

प्रतिकृतीत नेमके उलट होते. फिरकीवर अंगठा टेकवला की जबडा त्याच क्षणी हलतो. फिरकीवरचे नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी कापलेल्या बारीक खाचा, बोटाला टोचत नाही, पण तेलकट अंगठाही घसरत नाही. स्क्रू उघडा असल्याने काय घडते आहे ते डोळ्यांना दिसते. आटे फिरतात, जबडा चढतो, फट कमी होते. आजच्या पान्यात हीच यंत्रणा डोक्याच्या पोटात लपलेली असते आणि बाहेर फक्त फिरकीची कड दिसते. बाई म्हणाल्या ते मी जसेच्या तसे टिपून ठेवले: “जुना पाना हातात घेतला की त्याचे मालक आठवायला लागतात, ज्यांना मी ओळखत नाही. हा घेतला की तो बनवणाऱ्याचं डोकं दिसतं.”

मला हे निरीक्षण पटते, आणि या प्रकरणाचा गाभाही तोच आहे असे वाटते. उत्तम प्रतिकृती आपल्याला जुनी वस्तू देत नाही. ती जुन्या वस्तूचा पहिला दिवस देते. तो दिवस आज हयात असलेल्या कोणी पाहिलेला नाही. संग्रहालयातला नग तो दाखवू शकत नाही, कारण काळाने त्यावर आपले काम केलेले असते आणि ते काम पुसून टाकणे संग्राहकांच्या लेखी पाप असते. एवढा एक अनुभव अस्सल वस्तूला देता येत नाही, तो नकलेकडूनच घ्यावा लागतो.

इथे हत्यारांच्या प्रतिकृतींमधला एक भेद लक्षात घ्यावा. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात थॉमस ली-नील्सन यांनी जुन्या रंध्यांच्या प्रती बनवायला सुरुवात केली. पहिली प्रत स्टॅन्ली कंपनीच्या ९५ क्रमांकाच्या, फळीची कड काटकोनात साफ करणाऱ्या छोट्या रंध्याची होती. ते रंधे सुतारांना हवे होते आणि बाजारात नवे मिळत नव्हते. तिथे प्रतिकृतीला कामाचा आधार होता, तिने एक खरी पोकळी भरली. पान्याच्या बाबतीत अशी पोकळी नाही. त्याहून कामाचा पाना कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात टांगलेला असतो. म्हणून पान्याची ओढ जास्त चमत्कारिक आहे आणि माझ्या मते जास्त निखळही. उपयोगाची सबब तिला उपलब्धच नाही. तिला सगळा भार कारागिरीवर टाकावा लागतो, आणि कारागिरी जरा उणी पडली की वस्तू एकदम हास्यास्पद होते.

कारागिराने काय केले, काय टाळले

सोपी वाट कोणती होती ते आधी पाहू. एखादा जुना पाना घ्यायचा, त्याचा साचा काढायचा, मेणाची प्रत करून पोलाद ओतायचे. अशा नकला बनतात आणि त्या ओळखताही येतात. पोलाद साच्यात थंड होताना साधारण दोन टक्के आकसते. मूळ २०० मिलिमीटरचा पाना असेल तर साच्याची भरपाई न करता ओतलेली नक्कल १९६ च्या आसपास भरते. अक्षरांच्या कडा बोथट होतात, कोपरे साबणासारखे गोलसर येतात. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे मूळ नगाची झीजसुद्धा इमानाने उतरते. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी जबड्यावर हातोडा मारला असेल, तर तो ठोकाही नव्या पान्यावर जन्मतःच हजर.

या कारागिराने साचा काढला नाही. त्याने मूळ नग उघडून त्यात न झिजलेल्या जागा शोधल्या. सरकत्या जबड्याच्या आतली खाच, कड्याखाली झाकलेला दांडा, आट्यांचे तळ, मुठीत शिरलेले शेपूट. या जागी मूळ माप जिवंत असते. तिथून मोजमाप घेत त्याने नवे रेखाचित्र काढले. एकाच नगावर विसंबला असता तर त्या नगाचे व्यंग प्रमाण ठरले असते, म्हणून त्याने संग्राहकांकडचे आणखी नग तपासले. त्यांची मापेही एकमेकांशी तंतोतंत जुळत नव्हती, हे सांगताना त्याला हसू आवरत नव्हते. सगळ्या जगाचे नट पकडायला निघालेला पाना, आणि त्याचे स्वतःचेच भाग एका मापात नाहीत.

घडाईचे साचे परवडणारे नव्हते. पोलाद तापवून साच्यात ठोकून आकार द्यायचा, तर हजारो नग काढल्याशिवाय साच्याचा खर्च निघत नाही. म्हणून त्याने दांडा आणि स्थिर जबडा एकसंध पट्टीतून मिलिंगच्या यंत्रावर कापून काढले. इथे घडाईचा एक गुण हुकतो. घडीव वस्तूत धातूचे तंतू आकाराच्या वळणाने वळतात, पट्टीतून कापलेल्या वस्तूत ते सरळ असतात आणि जबड्याच्या मुळाशी तुटतात. ही उणीव भरून काढायला त्याने जबड्याच्या मुळाची गोलाई मूळ पान्यापेक्षा किंचित मोठी ठेवली. शेजारी ठेवल्याशिवाय ती नजरेत भरत नाही.

पोलाद कमी कार्बनचे घेऊन त्याने फक्त पृष्ठभागाला कार्बन मुरवला. नग हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून बंद डब्यात लालबुंद होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात सोडायचा, ही पद्धत जुनीच आहे. वरचा पातळ थर कठीण होतो, आतला गाभा चिवट राहतो. पाण्यात हवेचे बुडबुडे खेळवले तर पृष्ठभागावर निळे, करडे, तांबूस ढग उमटतात. जुन्या बंदुकांच्या चापांवर दिसतात तेच. हे रंग म्हणजे ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो, हाताळून आणि उन्हाने ते पुसट होत जातात. गिऱ्हाइकांना हे ढग फार आवडतात. कारागिराने मात्र जबड्यांवरचे रंग घासून काढले आणि फक्त कड्यावर ठेवले. कारण त्याला एका जुन्या नगाच्या खाचेत, जिथे ना हात पोचला होता ना गंज, साध्या घासलेल्या पृष्ठभागाचा अंश सापडला होता. जबडे मुळात साधेच होते, मग साधेच करायचे. सुंदर दिसणारी गोष्ट पुराव्याखातर सोडून देणे मला त्याच्या कामातले सगळ्यात अवघड वाटले.

आटे मात्र त्याने बदलले. मूळ स्क्रूचे आटे चौकोनी होते. चौकोनी आटा कापायला कटकटीचा, आणि झिजला की खेळ वाढतच जातो. नव्या पान्यात ३० अंशांचे समलंब, म्हणजे तिरक्या बाजूंचे, आटे आहेत. एका फेऱ्यात जबडा जवळपास तेवढाच सरकतो, पण पेच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, मिलिमीटरमध्ये आहे. जबडा दाबाखाली आपोआप उघडू नये म्हणून एकपदरी आटा, म्हणजे स्क्रूभोवती एकच आटा गुंडाळलेला, कायम ठेवला.

आणि त्याने एक गोष्ट अजिबात केली नाही. पाना जुना दिसावा म्हणून काहीही केले नाही. मिठाचे पाणी, व्हिनेगर, आम्ल, मूठ काळवंडवणे, कडा मुद्दाम झिजवणे यातले काही नाही. “जुनं दिसेल असं करून द्या” अशी मागणी येते, असे तो म्हणाला, आणि तो ती परतवतो.

शिक्का आणि संग्राहकांचा प्रश्न

संग्राहकांना प्रतिकृती आवडली. पाहिल्यावर त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला तो सौंदर्याचा नव्हता. नव्या पान्याचा स्क्रू माझ्या जुन्या पान्यात बसेल का?

बसला नाही. पेच वेगळा, आट्याचा घाट वेगळा. संग्राहक हिरमुसले. त्यांच्याकडे स्क्रू झिजलेले, कडे तडकलेले बरेच नग आहेत आणि त्यांना सुटे भाग हवे होते. कारागिराने सांगितले की हे अनवधानाने झालेले नाही. समलंब आटे कापायला सोपे हे खरे, पण इंचाऐवजी मिलिमीटरचा पेच त्याने जाणूनबुजून घेतला, तो भाग जुन्यात बसू नयेत म्हणूनच. अर्धा जुना, अर्धा नवा पाना उद्या पूर्ण जुना म्हणून विकला गेला तर ओळखणे अवघड. पूर्ण नवा पाना पकडता येतो, संकर पकडता येत नाही.

हा वाद मला दोन्ही बाजूंनी खरा वाटला. संग्राहकांचा हेतू निर्मळ होता, त्यांना जुने पाने पुन्हा चालते करायचे होते. पण त्यांच्यानंतर तो पाना कोणाच्या हाती जाईल हे त्यांच्या हातात नाही. दुर्मिळ हत्यारांच्या बाबतीत हे घडलेले आहे. स्टॅन्लीच्या एक क्रमांकाच्या चिमुकल्या रंध्याला संग्राहकांमध्ये एवढी मागणी आहे की त्याच्या बनावट प्रतीही बाजारात आल्या. अमेरिकेत १९७३ च्या एका कायद्याने नाण्यांच्या नकलेवर ‘कॉपी’ असा ठसा आणि राजकीय बिल्ल्यांसारख्या वस्तूंच्या नकलेवर निर्मितीचे साल सक्तीचे केले. हत्यारांना तो कायदा लागू नाही. तिथे ठसा मारायचा की नाही हे बनवणाऱ्याच्या मनावर.

या कारागिराने ठसा मारला आहे. त्याची खूण आणि निर्मितीचे साल. मूळ निर्मात्याचे नाव त्याने कुठेच घातलेले नाही, आणि हे योग्यच. पण ठसा कुठे आहे? सरकत्या जबड्याच्या आतल्या तोंडावर, जबडा पूर्ण उघडल्याशिवाय दिसणार नाही असा. दर्शनी भाग बिघडू नये म्हणून, असे त्याचे म्हणणे. इथे माझे त्याच्याशी पटत नाही. जबड्याचे आतले तोंड हाच पान्याचा सगळ्यात जास्त घासला जाणारा पृष्ठभाग. वापरला तर ठसा आपोआप पुसट होणार, आणि ज्याला पुसायचाच आहे त्याला कानसीचे चार हात पुरेसे आहेत. ते चार हात संशयास्पदही दिसणार नाहीत, कारण जुन्या पान्यांचे जबडे लोक कानस मारून सरळ करतच आले आहेत. ठसा दांड्याच्या सपाट बाजूवर, खोल, उघड असायला हवा. तिथून काढला तर खड्डा राहतो आणि खड्डा बोलतो. पेच बदलण्याइतका पुढचा विचार करणाऱ्या माणसाने ठशाच्या जागेबाबत एवढा संकोच का करावा, ते मला कळले नाही. कदाचित सुंदर पृष्ठभागावर स्वतःच घण घालणे हाताला जड जात असावे.

बाईंनी हे ऐकल्यावर कारागिराला विचारले, माझ्या पान्याच्या दांड्यावर ठसा मारून द्याल का? तो तयार झाला, पण एक अडचण सांगितली. पृष्ठभाग आता कठीण झालेला आहे, त्यावर ठसा नीट उमटणार नाही आणि थर तडकू शकतो. कोरून देता येईल. बाईंनी कोरून घेतले. अक्षरे थोडी वाकडी आली आहेत. पुढच्या खेपेला पाणी द्यायच्या, म्हणजे तापवून पाण्यात सोडायच्या, आधीच दांड्यावर ठसा मारीन, असे त्याने कबूल केले.

सध्याची स्थिती

पाना बाईंच्या टेबलाच्या खणात असतो आणि ग्लँडच्या कामाला बाहेर निघतो. तो न्यायला कोण येते हा विभागातला थट्टेचा विषय आहे, कारण बहुतेक वेळा काकाच येतात. पाना वाईट आहे हे मत त्यांनी बदललेले नाही. मोटरच्या बोल्टवर त्याचे काय झाले, हे ते नव्या मुलांना आवर्जून सांगतात. पण मध्यंतरी त्यांनीच बाईंना विचारले, “मॅडम, ते गृहस्थ याच्या दीडपट मोठा बनवतात का? पंपाच्या ग्लँडला हा तोकडा पडतो.”

बाईंनी विचारून पाहिले. कारागिराचे उत्तर आले की तेवढ्या लांबीच्या दांड्यावर माणूस जोर बराच जास्त लावणार, आणि पट्टीतून कापलेल्या जबड्याच्या मुळाचा त्याला भरवसा नाही. तो नग घडाईचाच हवा. घडाईचा साचा करायचा तर किती जण घेतील याचा अंदाज हवा. त्याने काकांचे नाव यादीत पहिले लिहून ठेवले आहे.